हाय खाल्ली

आपल्या भाषेत काही वाक्प्रचार असे आहेत की ते वापरताना आपण कोणावर आरोप करीत आहोत, हे ध्यानातही येत नाही. ‘हाय खाणे’ हा त्यांतलाच एक. व्यापारात खोट आली, शेटजींनी हाय खाल्ली; मुलगा परीक्षेत नापास झाला, त्याने हाय खाल्ली; अंगावरून वारे गेले आणि मनुष्य अंथरुणावरून उठेचना, तर त्यानेही हाय खाल्ली. खाणे ही क्रिया सकर्मक आहे आणि तिला कर्ता लागतो. म्हणजे दुखणे जरी दैवाने आले, तरी हाय मात्र रोग्याने आपल्याच हाताने ताटात वाढून घेतली, आणि मनात आणले असते तर ते ताट त्याला दूर लोटता आले असते, असा या बोलण्याचा अभिप्राय आहे. ‘अंगावरून वारे जाणे’ हा प्रयोग याहून कितीतरी दयाळू. तेथे कर्ता वारा. माणूस बिचारा नुसता वाटेत उभा असतो! भाषा शिकवून ज्यांनी केस पांढरे केले त्या आमच्यासारख्यांच्या ध्यानात हा भेद आपण होऊन यावयास हवा होता. तो आला नाही. आणि आमच्या सख्ख्या थोरल्या भावाविषयी हे वाक्य आम्ही चार महिने खुशाल वापरीत राहिलो.

अण्णांचे शहागंजात कापडाचे दुकान आहे. शहागंज म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, आमच्या पिढीच्या जिभेवरच्या औरंगाबादचा, जुना बाजारचौक. 1720 च्या सुमारास बांधलेली मोठी मशीद, निजामी अमदानीतला घड्याळाचा मनोरा, महात्माजींचा पुतळा, चमन, आणि या सर्वांना वेढून दिवसभर वाहणारी गिऱ्हाइकांची, हातगाड्यांची आणि रिक्षांची गर्दी. या गर्दीत अण्णांनी चाळीस वर्षे काढली. शाळेत त्यांची गती बेताची, पण बाजाराने त्यांना जी दखनी शिकविली ती ऐकत राहावी. समोरच्या बाईने अस्तराचा दर विचारावा आणि अण्णांनी तिच्या थोरलीच्या लग्नात किती वार कापड गेले होते येथून सुरुवात करावी. तागा उलगडताना त्यांचा उजवा हात असा काही फिरे की कापडाला आपोआप लकाकी येई. घरी आम्ही विद्वान आणि ते दुकानदार. परंतु चार माणसांत बोलणारे तेच, आणि ऐकणारे आम्ही.

दोन वर्षांपूर्वी आश्विनात एके सकाळी दुकान उघडताना त्यांच्या हातून किल्ली तीनदा खाली पडली. चौथ्यांदा ती उचलण्यासाठी ते वाकले ते तेथेच बसले. उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडे. चिरंजीव बरोबर होते म्हणून वेळ गेला नाही. दवाखाना झाला, चित्रे निघाली, मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली असे निदान झाले; आणि देवाच्या व वैद्यांच्या कृपेने तीन महिन्यांत हात बहुतेक परत आला. अण्णा सदऱ्याची गुंडी लावू लागले, चमच्याने आमटी खाऊ लागले. बोलण्यात थोडी ओढ राहिली, तीही अनोळखी माणसाला कळू नये इतकी. ज्या डॉक्टरांकडे त्या वेळी जात होतो ते या प्रगतीवर संतुष्ट होते. आम्हीही होतो.

संतुष्ट नव्हत्या त्या एकट्या वहिनी. “भावजी, हात आला हो,” एकदा चहा देता देता त्या म्हणाल्या, “पण माणूस अजून घरी आला नाही.”

हे वाक्य आम्हांला तेव्हा बायकी हळवेपणाचे वाटले. वस्तुतः त्या तीन महिन्यांत घरात घडलेले सर्वांत अचूक निदान ते होते. अण्णा मागल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. पहाटे तीनला त्यांना जाग येई ती येईच. जेवणाला चव नाही म्हणत, आणि मीठ अधिक पडले तरी तेही त्यांना कळत नसे. दुकानाचे नाव काढले तर ‘बघू’ म्हणत. गल्लीतून एखाद्या वरातीचा बँड गेला की त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागे, आणि बँड दूर गेला की तितक्याच अकस्मात थांबे. त्यांनाच त्याचे नवल वाटे. “वाईट काही वाटत नव्हते रे,” ते एकदा ओशाळून म्हणाले, “पाणी आपले आपणच येते.”

त्या दिवसांत दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जात असू आणि तासभर धीराचे बोलत असू. आमचा धंदाच बोलण्याचा. एका रविवारी आम्ही त्यांना डॉक्टर जॉन्सनची गोष्ट सांगितली. 1783 च्या जून महिन्यात, वयाच्या 73 व्या वर्षी, या इंग्रज पंडिताला रात्री पक्षाघाताने गाठले आणि त्याची वाचा गेली. तेव्हा बुद्धी तरी शाबूत आहे ना हे पाहण्यासाठी त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. पद्य चांगले उतरले नाही. पण ते चांगले उतरले नाही हे आपल्याला समजते, तेव्हा बुद्धी ठिकाणावर आहे, असा त्याने निष्कर्ष काढला! गोष्ट खरी आहे आणि आम्ही ती रंगवून सांगितली. त्यापाठोपाठ आमच्या आईचा दाखला दिला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मांडीचे हाड मोडून ती सहा महिने खाटेवर होती. त्या खाटेवरूनच ती दळणापासून दिवाळीच्या फराळापर्यंत साऱ्या घराचा कारभार हाकीत असे, आणि तिच्या शिव्या शेजारच्या वाड्यात ऐकू जात. “आणि तुम्ही, अण्णा? तुमचा तर हातही परत आला!”

अण्णांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. “तू सांगतोस ते खरे आहे,” ते म्हणाले. “मला कळते सगळे. पण ते इथपर्यंत येत नाही.” आणि त्यांनी छातीकडे बोट दाखविले.

आम्हांला राग आला. ज्याच्या भल्यासाठी आपण घसा कोरडा केला त्याने निमूटपणे हार मानावी, याचा उपदेशकाला फार राग येतो. जिना उतरताना आम्ही पुतण्याला म्हणालो, “तुझ्या वडिलांनी हाय खाल्ली आहे, दुसरे काही नाही.” जिना लाकडी, खोलीचे दार उघडे, आणि आमचा आवाज व्याख्यानाचा. एवढेच येथे नमूद करून ठेवतो.

पुढे पौषात वहिनींनी अण्णांचा जुना लोकरीचा कोट उन्हात टाकावयास काढला, तेव्हा त्याच्या खिशात कागदात गुंडाळलेल्या गोळ्या सापडल्या. रक्तदाबाच्या, रक्त पातळ राखण्याच्या. एक नव्हे, दोन नव्हे, दिवाळीपासूनच्या. समोर घेतो असे दाखवून ते त्या बाजूला ठेवीत होते. दुसरा झटका टाळावयाचा तो याच गोळ्यांनी. वहिनींनी विचारले, असे का केलेत? अण्णा म्हणाले, “कशाला घ्यायच्या?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता, काहीच नव्हते. वहिनींनी आम्हांला फोन केला तेव्हा त्या रडत नव्हत्या, आणि त्यामुळेच आम्ही फार घाबरलो.

मग एका तरुण डॉक्टरबाईंकडे त्यांना नेले. अण्णांच्या मुलीच्या वयाच्या असतील. आम्ही वृत्तान्त सांगावयास आरंभ केला, तो त्यांनी हाताने थांबविला आणि अण्णांनाच विचारले, “काका, गेल्या पंधरा दिवसांत कशात मन रमले का?” अण्णा म्हणाले, नाही. “मरून जावे असे वाटते?” हा प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारता येतो हे आम्हांला ठाऊक नव्हते. अण्णांनी बराच वेळ विचार केला. “मरावे असे नाही,” ते म्हणाले, “पण राहावे असेही काही नाही.” त्यानंतर बाईंनी आम्हां सर्वांना बाहेर पाठविले. पाऊण तास आम्ही व्हरांड्यात उभे होतो. आम्ही रविवारमागून रविवार त्यांच्याशी बोलत आलो होतो. त्यांना विचारले मात्र काहीच नव्हते.

नंतर बाईंनी आम्हांला आत बोलावून मेंदूचे चित्र उजेडावर धरले. वालाच्या दाण्याएवढा एक डाग. “हात त्याच्यामुळे गेला,” त्या म्हणाल्या, “आणि उदासीही याच दुखण्यातली असावी असे मी धरून चालते. ती यांच्या स्वभावातून आलेली नाही. मात्र या डागाकडे बोट दाखवून, याच्यामुळेच झाले, असे शपथेवर मी सांगणार नाही; कोणी सांगू नये.” हे शेवटचे वाक्य आम्हांला विशेष आवडले. ज्याला आपल्या ज्ञानाची हद्द ठाऊक आहे त्याच्यावर विश्वास टाकता येतो.

घरी येऊन आम्ही मास्तरी स्वभावानुसार या विषयावर मिळेल ते वाचावयास घेतले. पहिला धक्का बसला तो आमच्या आईच्या दाखल्यालाच. 1977 साली अमेरिकेत फोल्स्टाइन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नेमकी हीच तुलना केली होती. पक्षाघाताचे 20 रोगी आणि हाडांच्या दुखण्याने तितकेच पंगू झालेले 10 रोगी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. हाडवाल्यांत खरी विषण्णता आढळली ती शेकडा 10 जणांत. पक्षाघातवाल्यांत शेकडा 45 जणांत. संख्या लहान आहे हे मान्य. तथापि प्रश्न किती नेमका विचारला आहे पहा! पंगुपणाचेच दुःख असते तर दोन्हीकडे ते सारखे असावयास हवे होते. आईचे हाड मोडले होते, तिचा मेंदू धडधाकट होता. आणि त्या धडधाकट मेंदूच्या बळावरच ती आम्हांला शिव्या देत होती. तिचे धैर्य आम्ही अण्णांच्या तोंडावर फेकले, ही तुलना नव्हेच, हा अन्याय होता. 2005 साली 51 पाहण्यांचा मेळ घालून जे गणित मांडले गेले त्याप्रमाणे पक्षाघातातून वाचलेल्या माणसांपैकी सुमारे तिसरा हिस्सा कधी ना कधी अशा विषण्णतेत सापडतो. तीन घरांत एक अण्णा.

असे का व्हावे? रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन मनोवैद्याने या प्रश्नाला जवळजवळ आयुष्य वाहिले. मेंदूच्या देठात पेशींचे काही लहान पुंजके आहेत. तेथून निघालेले बारीक तंतू कपाळामागच्या भागात येतात आणि तेथून साऱ्या मेंदूवर पसरतात. नॉरअॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन अशी ज्यांची नावे त्या द्रव्यांचा शिडकावा हे तंतू सर्वत्र करतात. वाटेत कोठे इजा झाली तर पुढचा मुलूख कोरडा पडावा, असा रॉबिन्सन यांचा तर्क. डाव्या बाजूची, पुढल्या भागाजवळची इजा अधिक घातक, असेही त्यांचे प्रतिपादन होते. परंतु 2000 साली एडिनबरोच्या काही मंडळींनी तोवरचे सारे लेख एकत्र तपासून ‘लॅन्सेट’मध्ये निकाल दिला, की इजेच्या जागेवरून विषण्णतेचे भाकीत करता येत नाही. डावी-उजवीचा हा सुबक सिद्धान्त असा डळमळला.

येथे आम्हांला आमच्या गावाची नहर आठवली. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी, हे गाव खडकी होते तेव्हा, उत्तरेच्या डोंगराकडचे पाणी जमिनीखालून खापरी नळांनी आणि बंदिस्त पाटांनी गावात खेळविले. आज ती बहुतेक मोडली आहे. पण जुन्या वाड्यांतली म्हातारी माणसे तिच्याविषयी बोलताना आम्ही ऐकली आहेत. मोहल्ल्यातला हौद आटला तर हौदाशी खणण्यात अर्थ नसे. फूट कोसभर वर असे, कधी येथे, कधी तेथे, दर खेपेस निराळ्या जागी. आणि कोरडा पडे तो तोच हौद. जागा निराळ्या, नळ एक. आता 2019 साली बोस्टनच्या संशोधकांनी पाच ठिकाणच्या 461 रोग्यांची मेंदूची चित्रे घेऊन जे दाखविले ते याच जातीचे आहे. विषण्ण झालेल्यांच्या इजा एका जागी नव्हत्या, मेंदूत विखुरलेल्या होत्या. पण त्यांतल्या बहुतेक इजांचा संबंध एकाच जाळ्याशी लागत होता, आणि त्या जाळ्याचे एक मोठे ठाणे कपाळाच्या डाव्या बाजूस आहे. म्हणजे रॉबिन्सन यांची जागा चुकली, दिशा मात्र अगदीच चुकली नव्हती. याखेरीज इजेनंतर मेंदूत उठणारा दाह आहे, शरीरात वाढणारी तणावाची द्रव्ये आहेत, आणि, हे विसरून चालणार नाही, जो हात चाळीस वर्षे कापडावर फिरला तो लुळा पडल्याचे साधे माणुसकीचे दुःखही आहेच. या साऱ्यांचा गुंता अजून कोणी पुरता सोडविलेला नाही. बँडच्या आवाजाने येणारे ते पाणी मात्र बऱ्याच अंशी निराळे. रडण्या-हसण्यावरचा मेंदूचा लगाम सैल झाल्याचे ते लक्षण. अण्णा खरेच बोलत होते, आणि आम्ही त्यांना हळवे ठरविले होते.

औषधाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण गोळी घेतली आणि बरे वाटले अशी ही सरळ गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या 3127 रोग्यांना, कोणी उदास असो वा नसो, सहा महिने फ्लुओक्सेटिन किंवा नुसती रिकामी गोळी देऊन पाहिले गेले. 2018 च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हातापायांच्या कामात काही फरक पडला नाही. नवी विषण्णता शेकडा 17 च्या जागी 13 जणांत आली; पण हाडे मोडण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. तेव्हा सरसकट सर्वांना गोळी, हा मार्ग नव्हे. ज्याला हे दुखणे जडले आहे त्याला ओळखावे आणि त्यालाच जपून औषध द्यावे. आणि ओळखण्यासाठी प्रथम कोणीतरी विचारले पाहिजे.

विचारणारे मिळतात किती, ही चिंता आहे. हा काही शहरातल्या बैठ्या लोकांचा रोग नव्हे. गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सातांतला एक मृत्यू त्याचा. ही मेलेल्यांची गणती. जे वाचले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले, त्यांना मन कशात रमते का हे विचारावयास त्या रानात कोण जाणार? तेथेही कोणी शहाणा भाऊ जिना उतरताना, नव्हे पायरी उतरताना, म्हणत असेलच, की याने हाय खाल्ली.

अण्णांना बाईंनी एक लहानशी गोळी दिली, आणि तिचा गुण दिसावयास काही आठवडे लागतील, तोवर सोडू नका, असे बजावले. दर पंधरा दिवसांनी बोलावयास बोलाविले. सायंकाळी चमनपर्यंत चालत जावयास सांगितले, आणि वहिनींना वेगळे बसवून, तुम्ही झोपता किती, जेवता काय, हेही विचारले. हा प्रश्न तर आमच्या स्वप्नातही आला नव्हता. गोळ्यांची डबी वहिनींच्या ताब्यात गेली. पहिले तीन आठवडे काही घडले नाही. पाचव्या आठवड्यात एके सकाळी अण्णांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारले, “साखर स्वस्त झाली काय?” वहिनींनी ही बातमी आम्हांला ताबडतोब फोनवर कळविली.

पूर्ववत झाले असे म्हणता येणार नाही. पहाटेची जाग अजून अधूनमधून येते. मध्यंतरी पावसाळ्यात पुन्हा महिनाभर खाली गेले, पुन्हा औषधाचे प्रमाण बदलावे लागले. दुकानात जातात ते दोन-तीन तास. गल्ला चिरंजीव पाहतात. तथापि जातात.

परवा रविवारी आम्ही त्यांच्या घरी न जाता शहागंजात दुकानावरच गेलो. मनाशी वाक्ये जुळविली होती. ती बरी उतरली नाहीत हे आम्हांला कळत होते, जॉन्सनप्रमाणेच. या जॉन्सनला आयुष्यभर काळ्या विषण्णतेने छळले होते हे आम्ही अण्णांना सांगावयाचे तेव्हा सोयीस्करपणे विसरलो होतो. तेथूनच आरंभ करावा असे योजिले होते. “अण्णा,” आम्ही म्हणालो, “त्या दिवशी जिन्यात...”

“ऐकले होते मी,” अण्णा म्हणाले. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. समोर बुरखा घातलेल्या एक वृद्ध बाई पायरी चढून येत होत्या, त्यांच्याबरोबर एक लहान मुलगी होती. “बस जरा तिकडे. गिऱ्हाईक आले.” मग त्या बाईंना म्हणाले, “आओ अम्मा. छोटीके वास्ते क्या?”

आम्ही गादीच्या कडेला सरकून बसलो. अण्णांनी फळीवरून निळा तागा ओढला. उजव्या हाताला तो पेलेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचा आधार दिला आणि तो त्या मुलीसमोर उलगडला.